चढावरचं इंजिन

रविवार, २१ फेब्रुवारी २०२१

दहा दिवसांपूर्वी इथे हॉलंडमध्ये लोक कालव्याच्या बर्फावर स्केटिंग करत होते, आज अठरा अंश आहेत. दोन महिन्यांनी वही उघडली. घरातच ऑफिस, घरातच जेवण, नऊनंतर संचारबंदी. लिहायला काही नव्हतं. आज आहे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर टोन राहतो. वय चौऱ्याहत्तर, एकटाच असतो. गेल्या वर्षीपासून मी त्याचं सामान आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधून आणून दारात ठेवते. त्याने सामानाच्या खोलीत टेबलभर छोटे रूळ मांडलेत. आज दार उघडं ठेवून, दीड मीटर लांबून, त्याने मला एक वाफेचं इंजिन दाखवलं. तळहातावर मावेल एवढं आहे. जावा बेटावर अरुंद रुळांवरून ऊस वाहणाऱ्या इंजिनाचं हे मॉडेल. धावतं छान, पण मुकं.

"तू सेन्सरवाली आहेस ना," तो म्हणाला. "याला आवाज बसव. बसला तर इंजिन तुझं."

मी विचारलं, कुठल्या इंजिनाचा आवाज? तो म्हणाला, वाफेचा. आमच्या घरात वाफेचं इंजिन म्हणजे एकच.

बाबा मूर्तिजापूरच्या रेल्वे शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले, मग आगवाले झाले. अचलपूरच्या छोट्या गाडीवर त्यांनी आठ वर्षं भट्टीत कोळसा टाकला. १९९४ साली वाफ बंद होऊन डिझेल आलं आणि पुढच्या वर्षी मी जन्मले. मी त्या रुळांवरून आजोळी गेले ती डिझेलच्याच गाडीने. दोन्ही बाजूंना सपाट काळं रान, कपाशी, आणि सायकलवाले गाडीला मागे टाकून पुढे जायचे. वाफेचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. नंतर बाबा फाटकावर गेटमन झाले. ३१ मार्चला ते निवृत्त होतील. त्या दिवशी त्यांच्याच इंजिनाच्या आवाजात धावणारं इंजिन त्यांना व्हिडिओवर दाखवायचं, असं मी ठरवलं आहे. पुढे घरी जाईन तेव्हा इंजिनही नेईन. मोठ्या लोकांचे आवाज जपून ठेवतात. कोळसा टाकणाऱ्याच्या कानात जो आवाज होता तो कुणी जपला?

लगेच घरी फोन केला. तिकडे पुन्हा लॉकडाऊन लागतोय.

"बाबा, तुमचं इंजिन कसं बोलायचं? छुकछुक?"

"छुकछुक लेकराइच्या पुस्तकात," बाबा म्हणाले. "आपलं म्हणे हाफ्. हाफ्, हाफ्, हाफ्, हाफ्. छातीतून."

"मग तसंच रेकॉर्ड करून पाठवा."

"मी? तुले इंजिनियर कशाले केलं मंग, मलेच तोंडानं करा लागते तं."

पाच मिनिटांत व्हॉइस मेसेज आला. बत्तीस ठोके, आठ-आठचे गट, मध्ये एकेक श्वास. शेवटी एक लांब शिट्टी. आणि मागून आईचा आवाज, "काय चालू हाय तुमचं, शेजारचे पाहून राह्यले."


गुरुवार, २५ फेब्रुवारी

ऑफिसचं काम संपवून बाबांचा मेसेज संगणकावर उघडला. अशा इंजिनाचं चाक एकदा फिरलं की वाफ चारदा बाहेर पडते. म्हणून चाकाला चार बारीक चुंबकं लावायची, प्रत्येक चुंबक सेन्सरसमोरून गेलं की एक ठोका वाजवायचा. चाक हळू तर आवाज हळू, चाक थांबलं तर गप्प.

दोन ठोक्यांमधलं अंतर मोजलं. सगळीकडे ०.४१ सेकंद, फरक नसल्यात जमा. साठीच्या माणसाने तोंडाने केलेल्या आवाजात एवढा नेम असेल असं वाटलं नव्हतं.

मधले श्वास कापून टाकले. इंजिन वाफ सोडतं, आत काही घेत नाही. शिट्टी वेगळी काढली. आईही कापली.


मंगळवार, २ मार्च

स्पीकर आला, करंगळीच्या नखाएवढा. इंजिनात मागे कोळसा ठेवायची जागा असते, तिथे बरोबर बसला.

वाजतं. पण एकाच ठोक्याची नक्कल पुन्हा पुन्हा ऐकल्यासारखं वाटतं. बाबांना यादी पाठवली: गाडी सुटतानाचा आवाज, भरल्या गाडीचा, रिकाम्या गाडीचा. ते फाटकावर होते, बारा तासांची ड्यूटी.

"लॉकडाऊनमध्ये फाटकावर कोण येतं?" मी विचारलं.

"ट्रकवाले येतेत ना. मालगाड्या थोड्याच बंद हायेत." मग खोकले. म्हणाले, धूळ आहे.


मंगळवार, ९ मार्च

बाबांना व्हॉट्सॲप अजून जमत नाही. सकाळपासून तीनदा नुसतं 'हा मेसेज डिलीट केला गेला' असं आलं. चौथ्यांदा आवाज आला.

यात एक नवीन गोष्ट सापडली. दर चार ठोक्यांनंतर फट आहे, नेहमीच्या अंतरापेक्षा ०.२२ सेकंद जास्त. पहिल्या मेसेजमध्ये ती नाही. लगेच फोन केला.

"बाबा, चौथ्या ठोक्यानंतर इंजिन थांबायचं का?"

पलीकडे पाणी प्यायल्याचा आवाज आला.

"चढ हाय ना लेकरा," ते म्हणाले. "चढावर दमे इंजिन."

"म्हणजे लंगडायचं?"

"तसंच म्हन."

हे कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. ज्याने आठ वर्षं ते अंगावर घेतलं त्यालाच हे माहीत. चिपमध्ये दोन वेगळे आवाज भरले: सपाट आणि चढ. खूप दिवसांनी कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही.


शनिवार, १३ मार्च

टोनला ऐकवलं. त्याने कानातलं यंत्र नीट बसवलं, खाली वाकला, पाच फेऱ्या ऐकल्या.

"तुझ्या इंजिनाची झडप बिघडली आहे," तो म्हणाला. "लंगडतंय."

"आमचं तसंच होतं. चढावर."

"झडपा ठीक असतील तर इंजिन चढावर हळू होतं. लंगडत नाही. कुणीतरी दुरुस्त करायला हवं होतं."

मला राग आला. मी म्हटलं, आम्हाला ते सुधारून ठेवायचं नाही, होतं तसं ठेवायचं आहे. काम करणाऱ्या माणसाने जे सांगितलं तेच खरं. वगैरे. नंतर जिना चढताना वाटलं, मी त्याला भाषणच दिलं. तो बिचारा झडपेबद्दल बोलत होता.


बुधवार, १७ मार्च

इथे आज निवडणूक. शाळेबाहेर लोक अंतर ठेवून रांगेत उभे होते.

घरी फोन केला, आईने घेतला. बाबा झोपलेत म्हणाली. तिकडे दुपारचे अडीच. बाबा दुपारी झोपत नाहीत, पण रात्रपाळी असेल. मग सुमितशी बोलले. तो माझा धाकटा भाऊ, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असतो. एरवी मला 'हॉलंडवाल्या बाई' म्हटल्याशिवाय बोलत नाही. आज म्हणाला, "तू तुहं काम कर न ताई. सारं ठीक हाय."


शनिवार, २० मार्च

पाच डिलीट, मग मेसेज. फक्त अकरा सेकंद. तीन ठोके, फट. दोन ठोके, मोठी फट. पुन्हा दोन. शेवटी शिट्टी नाही. बाबा नुसतं म्हणतात, "शिट्टी तू टाक."

हा त्या मार्गावरचा सर्वात मोठा चढ असणार. फट ०.६ सेकंदांच्या वर जाते. बाबांनी किती बारकाईने केलं आहे. मेसेज मिळाला म्हणून कळवलं, त्यावर त्यांचा अंगठा आला.

तिसरा आवाजही चिपमध्ये भरला: मोठा चढ. आता काम जवळजवळ पूर्ण. अकरा दिवस हातात आहेत.


गुरुवार, २५ मार्च

सुमितने आज सांगितलं. बाबा अकोल्याला दवाखान्यात आहेत, ऑक्सिजनवर. शनिवारी नेलं. पाच दिवस झाले. आई आणि सुमितही पॉझिटिव्ह आहेत, घरात बंद. बाबांनी शपथ घातली होती, मैत्रीला, म्हणजे मला, सांगायचं नाही, तिकडून धावत येईल, नोकरी जाईल.

शनिवारी सकाळी ॲम्ब्युलन्स यायच्या आधी बाबा ओट्यावर बसून फोनमध्ये हाफ् हाफ् करत होते, असं सुमित म्हणाला.

तिकीट काढलं. शनिवारी साडेअकराला चाचणी, रविवारी विमान.


शनिवार, २७ मार्च

बाबा गेले. इथे सकाळचे सव्वानऊ, तिकडे पावणेदोन.

साडेअकराला चाचणी होती. मी सायकलने गेले, नाकात काडी घालून घेतली, परत आले. निगेटिव्ह.


रविवार, २८ मार्च

विमानाला गेले नाही. सुमित म्हणाला, येऊन कोनाले पाहशीन, आमालेच पाहू नाही देलं. महापालिकेच्या लोकांनी सगळं केलं. घराला पट्टी लावली आहे, मला आतही जाता आलं नसतं.

आज इथलं घड्याळ एक तास पुढे गेलं. कालपर्यंत घराचं आणि माझं अंतर साडेचार तासांचं होतं, आज साडेतीन. सव्वानऊ म्हणजे पावणेदोन हे आता बरोबर नाही.

टोनने दारात वाटाण्याच्या सूपचं भांडं ठेवलं होतं. ते प्यायले. भांडं धुऊन खाली ठेवून आले.


सोमवार, २९ मार्च

ऑफिस. सगळ्यांनी स्क्रीनवरून सांत्वन केलं. मी थँक यू म्हटलं. सुट्टी घे म्हणाले. सुट्टी घेऊन काय करायचं ते कळेना, म्हणून काम केलं. एक चूक शोधून काढली जी तीन आठवडे कुणाला सापडत नव्हती.


बुधवार, ३१ मार्च

पंचवीस अंश. मार्चमध्ये इथे असं होत नाही म्हणतात. लोक अर्ध्या बाह्यांत बाहेर.

आज निवृत्तीचा दिवस. ठरलं होतं म्हणून व्हिडिओ काढला. तीन फेऱ्या: एक सपाट, एक चढ, एक मोठा चढ. इंजिन ठरल्यासारखं लंगडलं. शिट्टी पहिल्या मेसेजमधली टाकली.

आता हा पाठवायचा कुणाला ते कळेना. सुमितने परवा मला शेडमधल्या जुन्या लोकांच्या ग्रुपमध्ये जोडलं होतं, बाबांना आदरांजली म्हणून लोक तिथे लिहीत होते. तिथे टाकला. जोडलेले हात आले, फुलं आली, 'खूप छान बेटा' आलं.

मी काही रडले वगैरे नाही. प्रामाणिकपणे लिहायचं तर पायाला मुंग्या आल्यावर दाबलं तरी कळत नाही, तसं आहे.


मंगळवार, ६ एप्रिल

सकाळी बर्फ. गेल्या बुधवारी पंचवीस अंश होते.

दुपारी अनोळखी नंबर वाजला.

"मैत्री का? बाळासाहेब बोलतो, अचलपूरहून. तुह्या बापाचा डायवर."

बाबांच्या बोलण्यात हे नाव रोजचं होतं. इंजिन ते चालवायचे, भट्टी बाबा सांभाळायचे.

"जय भीम, काका."

"जय भीम. जेवली का?"

"हो."

"काय जेवली?"

मला आठवेना. ते थांबले नाहीत. "तुहा व्हिडिओ पाह्यला. इंजिन झकास हाय. आवाज कोनत्या इंजिनाचा टाकला?"

"आपल्याच, काका. बाबांनी करून पाठवला होता."

"आपलं इंजिन लंगडत नव्हतं."

"चढावर लंगडायचं ना."

"कोनता चढ?"

मी वही उघडून ९ मार्चचं पान काढलं.

"मूर्तिजापूर ते अचलपूर एक चढ दाखव मले. आंधळा सायकल चालवीन असा सपाट मुलूख. अन् इंजिन लंगडलं असतं तं तुह्या बापानं, दामोदरनं, मले झोपू देलं असतं का? फिटरच्या दारात जाऊन बसला असता. तुले चढ कोनं सांगतला?"

"बाबांनी."

काकांनी चढाचा विषय तिथेच सोडला.

"थंडी हाय का तिकडे?" त्यांनी विचारलं.

"बर्फ पडतोय."

"स्वेटर घाल," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.


बुधवार, ७ एप्रिल

तिन्ही मेसेज एकाखाली एक लावले. २१ फेब्रुवारी: एका श्वासात आठ ठोके. ९ मार्च: चार. २० मार्च: तीन, मग दोन, मग दोन.

सेन्सरचे आकडे बघून यंत्र कधीपासून बिघडायला लागलं ते सांगणं हे माझं रोजचं काम आहे. त्यासाठी मला या देशात बोलावलं. हे आकडे ९ मार्चपासून माझ्याकडे होते. मी त्यांना 'चढ' असं नाव दिलं आणि फाइल जपून ठेवली. त्या रुळांवरून मी दर उन्हाळ्यात आजोळी गेले आहे. खिडकीतून बाहेर बघत. चढ कुठे होता?

सुमितला डिलीट केलेल्या मेसेजचं विचारलं. म्हणाला, "खोकला येत जाय ना मधात. मंग काढून टाकत. म्हणत, हे तिच्या कामाचं नाही."

नंतर कपडे मशीनला लावले.


रविवार, ११ एप्रिल

चढ आणि मोठा चढ, दोन्ही चिपमधून काढून टाकले. मूळ मेसेज मात्र फोनमध्ये आहेत, ते राहतील.

त्या जागी २१ फेब्रुवारीचा मेसेज भरला. यावेळी काही कापलं नाही. सुरू होतो तिथून संपतो तिथपर्यंत. पण मग तो चाकाशी जुळेना, कारण मधल्या श्वासांना चुंबकं नाहीत. दिवसभर खटपट केली. शेवटी उलटं केलं. आधी आवाज चाकाच्या मागे जायचा. आता चाक आवाजाच्या मागे जातं. बाबांनी श्वास घेतला की मोटर किंचित सैल पडते, पुन्हा ठोका आला की ओढ घेते.

संध्याकाळी टोनला दाखवलं. बाबांचं त्याला माहीत आहे. त्याने कानातलं यंत्र लावलं आणि वाकून ऐकलं.

"झडपा आता बरोबर आहेत," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण इंजिन श्वास आत घेत नाही."

"माहीत आहे."

त्याने मान हलवली. आणखी एक फेरी झाली. "शेवटी ही बाई कोण बोलते?"

"माझी आई."

"काय म्हणते?"

"म्हणते, काय चाललंय तुमचं, शेजारी बघतायत."

टोनने जरा विचार केला. "शेजारी मीच," तो म्हणाला.

इंजिन तुझं झालं, म्हणाला. मी म्हटलं, माझ्याकडे रूळ नाहीत, इथेच राहू दे.


बुधवार, १४ एप्रिल

जयंती. इथल्या आपल्या लोकांचा कार्यक्रम ऑनलाइन होता. वंदनेला हजर राहिले, कॅमेरा बंद ठेवून.

मग घरी व्हिडिओ कॉल लावला. आई आणि सुमितचं विलगीकरण संपलं आहे. सुमितने फोन फिरवून दाखवलं: बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, निळा कागद, आणि बाजूला खुर्चीवर आमच्या बाबांचा फोटो, रेल्वेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. माझ्या पदवीचा फोटो भिंतीवरून काढून खाली ठेवला होता. म्हणाला, खिळा एकच होता, बाबांचा फोटो तिथे लावायचा आहे. मी म्हटलं, बरोबर आहे.

मग आई फोनवर आली. जेवली का, हो, तू जेवलीस का, हो. मग मी म्हटलं, इंजिन बघतेस का?

खाली गेले. टोन दाराशी स्टुलावर बसला होता, मला बघून यंत्र कानात घातलं. फोन रुळांच्या शेजारी उभा केला आणि इंजिन सोडलं.

हाफ्, हाफ्, हाफ्, हाफ्. आठ ठोके, श्वास. आठ ठोके, श्वास. आई स्क्रीनच्या फार जवळ आली, नुसतं कपाळ आणि एक डोळा दिसत होता. इंजिन वळणावर गेलं तेव्हा ती फोन हातात वाकडा करून त्याच्या मागे बघायला लागली.

"याले पानी नाही लागत?" तिने विचारलं.

"नाही, आई."

"त्याइच्या इंजिनाले लई लागे."

तिसरा श्वास. शेवटचे आठ ठोके. शिट्टी. आणि कोळशाच्या जागेतून आईचा आवाज आला, बारीक, रागावलेला. काय चालू हाय तुमचं, शेजारचे पाहून राह्यले.

आई मागे सरकली. आता तिचा पूर्ण चेहरा दिसत होता. सुमित काहीतरी बोलायला लागला, तिने त्याला हाताने गप्प केलं. इंजिन थांबलं नाही, आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आठ ठोके, श्वास.

"पाहू दे," आई म्हणाली.